दंडावरची सूज

नवऱ्याचा हात अजून टेबलावरच होता, तेव्हाच खारूने आपला दुधाचा पेला उचलून खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. मग हात उठला. नंतर गालाची आग उतरेपर्यंत नळाखाली तोंड धरून उभी होते, तेव्हा मला त्या पेल्याचंच नवल वाटत राहिलं. मारात नवल करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण हात उठणार हे माझ्या आधी तिला कळलं होतं. सात वर्षांची पोर. ती दचकली नाही, रडली नाही, तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. दूध सांडलं की बाबा आणखी चिडतात आणि आईला फरशी पुसावी लागते, एवढा साधा विचार करून तिने पेला हलवला आणि पुन्हा चित्राच्या वहीत डोकं घातलं. ती एका हत्तीला निळा रंग देत होती. तोंडावर पाण्याचे हबके मारता मारता माझ्या मनात शब्द आले, हिला सवय झाली, आणि मी नळ घट्ट धरला. मला मारलं म्हणून इतक्या वर्षांत असा आधार कधी लागला नव्हता.

शनिवार म्हणजे दवाखान्यात सुई टोचून घ्यायचा माझा वार. थोड्या वेळाने आम्ही तिघं गाडीत बसलो. पुढे मी, मागे खारू, आणि टपावर 'शिकाऊ' अशी पिवळी पाटी, कारण गाडी त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची. त्याच्या शांतपणाची मोठी ख्याती आहे. साठीला आलेल्या बायका, हात थरथरणारे कारकून, परीक्षेत चारदा आपटलेली पोरं, सगळ्यांना शिकवायला तोच हवा असतो. कुणी गाडी खांबावर घातली तरी हा म्हणणार, "होतं हो असं. श्वास घ्या. परत करू." लग्नाआधी मी हे ऐकलं तेव्हा भाळले होते. आता ऐकते तेव्हा संताप येतो. दिवसभर परक्यांच्या चुका गिळून तो घरी येतो आणि मग घरात जे काही चुकलेलं असेल, दाराची कडी, भाजीतलं मीठ, माझं बोलणं, माझं न बोलणं, त्याची भरपाई माझ्या अंगावर होते. आज काय चुकलं होतं? सुई झाल्यावर मी बसने येते, तुम्ही दोघं खोळंबू नका, असं मी म्हटलं होतं. "का? कुणाला भेटायचंय?" बस्स. आता गाडीत मात्र त्याने माझ्याकडे वळून पाहिलं आणि काळजीने म्हणाला, "गाल लाल दिसतोय गं. थोडी पावडर लावायचीस." मी म्हटलं, "राहिलं." मागून खारू म्हणाली, "माझ्याकडे रुमाल आहे, हवा?" तिघेही किती समजुतीने बोलत होतो! काचेच्या आत ठेवलेल्या कुटुंबासारखे.

काचेचं मला कळतं. मी काच आणि आरशांच्या दुकानात कापकाम करते. हिऱ्याच्या टोकाने एक रेघ ओढायची, इतकी हलकी की नख लागल्यासारखी, मग खालून बोटाने एक टिचकी. काच नेमकी रेघेवर फुटते. नवखे जोर लावतात आणि हात कापून घेतात. रेघ नीट असली की जोर लागतच नाही. दुकानात कधी कधी एखादी लांब, निमुळती कपची उरते. ती कचऱ्यात टाकायच्या आधी मी क्षणभर हातात तोलून बघते आणि त्याची मान माझ्या डोळ्यांसमोर येते. कानाखालची, जिथे शीर उडते ती जागा. आत किती जाईल, रक्त कसं उडेल, खालच्या फरशीचा रंग कुठला होईल, सगळं मी बघते. मग कपची टाकते आणि गिऱ्हाइकाला विचारते, कडा घासून देऊ का? घासून दिलेल्या कडा बऱ्या असतात, मुलाबाळांच्या घरात.

माझं आणि गवताचं वैर लहानपणापासूनचं. आमच्या इमारतीमागे मोठं रान आहे. गवताला तुरे आले की माझे डोळे टम्म सुजायचे, नाक म्हणजे फुटका नळ. मग एका वर्षी छातीत दम अडकला तो सुटेना. ओठ निळे पडले. तेव्हा त्यानेच मला दोन्ही हातांवर उचलून तीन जिने उतरवलं, अनवाणी, रडत, "श्वास घे गं, श्वास घे" म्हणत. हेही खरं आहे. हे खोटं असतं तर सगळं किती सोपं झालं असतं. त्यानेच मला या दवाखान्यात आणलं, आणि डॉक्टरीणबाई समजावत होत्या तेव्हा तो माझ्या शेजारी बसून होता. त्यांनी कागदावर गोल काढले. म्हणाल्या, "परागाने तुमचं काही वाकडं केलेलं नाही. तो बिचारा धुळीसारखा येतो. पण तुमच्या रक्ताने त्याला शत्रू ठरवलंय. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं ठराविक पेशींवर जाऊन बसलीत, बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवून. कण चिकटला की पेशी फुटते, आतलं हिस्टामिन बाहेर सांडतं, मग सूज, पाणी, खाज, दम. म्हणजे मारतं ते तुमचंच शरीर." मग उपाय सांगितला. तोच पराग सुईने कातडीखाली सोडायचा, इतका थोडा की बंदुका उडणार नाहीत. पुढच्या आठवड्यात किंचित जास्त. मग आणखी. हळूहळू आवर घालणाऱ्या पेशी वाढतात, त्या बाकीच्यांना गप्प करतात, आणि दुसऱ्या जातीची प्रतिपिंडं तयार होतात, ती परागाला वाटेतच धरतात, बंदुकीपर्यंत पोचू देत नाहीत. "काही वर्षं लागतात. पण मग पराग येतो, जातो, शरीर ढुंकूनही बघत नाही."

त्याने चांगल्या विद्यार्थ्यासारखं विचारलं होतं, "सुईच्या जागी काही त्रास?" त्या म्हणाल्या, "दंडाच्या मागच्या बाजूला सूज येते, लाल होतं. कुणाकुणाला मोठी गाठ येते. घाबरायचं नाही, फक्त पुढच्या वेळी आम्हाला सांगायचं." त्याने मान डोलावली. त्यानंतर त्याचा हात माझ्या दंडावर यायला लागला. आधी तो कुठेही पडायचा, पाठीवर, डोक्यात, मला बाह्यांच्या आणि कॉलरच्या हिशेबाने कपडे निवडावे लागायचे. आता जागा ठरली. सुईच्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी तो तिथेच चार बोटं रुतवायचा आणि पिळायचा, नाहीतर मूठ आपटायची, एकदाच, नेमकी. मुद्दाम ठरवून करायचा का? मला वाटतं, नाही. त्याच्या हाताला सोय कळली होती. गालावर तो सहसा मारत नाही. आज घाईत होता.

आणि सिस्टर मोजायची. दर शनिवारी माझी बाही वर करून ती दंडाला प्लॅस्टिकची पट्टी लावायची आणि च्यक् च्यक् करायची. "ताई, अजून एवढी सूज? आठवडा झाला की!" मी म्हणायचे, माझी कातडीच नाजूक आहे, जरा काही झालं की काळीनिळी पडते. तिला ते पटायचं. बिचारी बर्फ आणून द्यायची. आणि सूज मोठी म्हणून डोस वाढवायचा नाही, हा नियम. कधी तर उलट कमी करायचा. माझ्याबरोबर सुरू केलेला शाळेचा शिपाई, ती जाडजूड बेकरीवाली, सगळे पुढे गेले, महिन्यातून एकदा येऊ लागले. मी मात्र पहिल्या पायऱ्यांवरच चढ-उतार करत बसले. बेकरीवाली गमतीने म्हणायची, "तुमचं शरीर भारी भांडखोर हो!" मी हसायचे. नवरा माझ्या दंडाचा आकार ठरवायचा, सिस्टर तो मोजायची आणि डॉक्टरीणबाई त्यावरून माझं औषध ठरवायच्या. असा तिघांचा कारभार माझ्या एका दंडावर चालला होता, आणि मी तो सगळ्यांपुढे धरून बसले होते.

आज दोघं खाली गाडीत थांबले. मी वर गेले तर डॉक्टरीणबाईंनी थेट आत बोलावलं. आधी मनगटाच्या वर परागाचा एक थेंब ठेवून सुईने टोचलं आणि थोडा वेळ बसवून ठेवलं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो हात दिव्याखाली धरला.

"हे बघा. पहिल्या वेळी इथे कोटाच्या बटणाएवढा फोड आला होता. आज मुंगी चावल्याएवढा. रक्ताचा रिपोर्टही तेच सांगतोय. या डोसाला तुमचं शरीर हूं की चूं करत नाही."

"बरं आहे मग," मी म्हटलं.

"मग हे काय?" त्यांनी माझी बाही वर केली. मग आवाज खाली आला. "परागाची सूज दोन दिवसांत उतरते. ती पिवळी-जांभळी होत नाही. मी कायम पट्टीचे आकडे वाचत राहिले. दंड बघितलाच नाही. चुकलं माझं."

मी बाही खाली ओढली. बाहेर कुणीतरी शिंकत होतं, एकामागून एक, थांबतच नव्हतं.

"घरी कोण कोण असतं?"

"मी, नवरा, मुलगी."

"मुलीला मारतो?"

"छे! तिला बोटसुद्धा लावत नाही." हे मी इतक्या तोऱ्यात म्हटलं की माझी मलाच शिसारी आली. जणू त्याचं प्रमाणपत्रच घेऊन आले होते.

"तिच्यासमोर होतं सगळं?"

"तिला सवय झालीय," मी म्हटलं, आणि तोंडातून बाहेर पडलेला शब्द टेबलावर ठेवल्यासारखा दोघींच्या मध्ये राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी मूर्खासारखं विचारलं, "ही जी सवय लागते शरीराला, ती मग सगळ्यालाच लागते का?"

"नाही. जे टोचलं त्याचीच. गवताला गप्प बसलेलं शरीर उद्या झाडाच्या परागावर तुटून पडू शकतं." मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "माझ्या ओळखीच्या बायका आहेत, हेच काम करतात. मुलीला घेऊन आज घरी गेला नाहीत तरी सोय होईल. पण हो तुम्ही म्हणायचं. सुई घ्या, बाहेर बसा. अर्ध्या तासाने मला सांगा."

सुई टोचल्यावर सगळ्यांना बाहेर अर्धा तास बसावं लागतं. न जाणो, अंगभर उसळी आली, घसा सुजला, तर जवळ औषध असावं म्हणून. मी कधीच पुरता अर्धा तास बसले नव्हते. खालून हॉर्न वाजायचा आणि मी उठायचे. सिस्टर ओरडायची, मी हात जोडून पळायचे. आज बसले. समोरच्या भिंतीवर श्वासनलिकेचं चित्र होतं, झाड उलटं टांगावं तसं. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या संसाराचा सगळा औषधोपचार मला दिसायला लागला. पहिला डोस म्हणजे कपाळावर टिचकी. लग्नाला महिना झाला नव्हता. मी बिल भरायला विसरले आणि त्याने हसत हसत टिचकी मारली. मीही हसले. इतका थोडा, की माझ्यातलं काहीच उडू नये. मग पाहुण्यांत बसलेली असताना टेबलाखालून चिमटा. मग दारातून जाताना खांद्याचा धक्का, मला वाटलं चुकून लागला. मग केस. मग भिंत. एक पचला की पुढचा. मध्येच चांगले महिने यायचे, फिरायला न्यायचा, खारूला खांद्यावर बसवायचा. इथे दवाखान्यातही खंड पडला की एकदम जुना डोस देत नाहीत, कमी करून पुन्हा चढवत नेतात. तोही तसंच करायचा. पुन्हा टिचकीपासून. आणि माझ्यात आवर घालणारं काय काय तयार होत गेलं! आई फोनवर म्हणायची, "जरा सांभाळून घे, दोन भांडी एकत्र आली की आवाज व्हायचाच." भांडी! एक भांडं आणि एक बत्ता होता, आई. मी तिला तसं कधी म्हटलं नाही. मी म्हटलं, हो. हो म्हणणारं एक शरीर माझ्या शरीरात वाढलं, आणि राग आला की ते त्याला वाटेतच धरायचं. राग माझ्या हातापर्यंत पोचायचाच नाही.

माझं एकटीचं असतं तर मी कदाचित तसंच निभावून नेलं असतं. हे म्हणायची लाज वाटते, पण खरं ते खरं. पण पोरीला कुणी विचारून सुई दिली होती? ती आमच्या टेबलाशी बसून रोजचा आपला वाटा घेत होती, डोळ्यांनी, कानांनी. आज घरी गेले तर ती पेले हलवत मोठी होईल. कुणाचा हात कधी उठणार हे ओळखण्यात तरबेज होईल, आणि उठलेल्या हाताखालून बाजूला व्हायचं असतं, निघून जायचं असतं, हे तिच्या डोक्यातच येणार नाही. मला तिला भेदरलेली बघायची होती. आईने पोरीसाठी मागावं असं हे मागणं नव्हे, पण माझं तेवढंच मागणं होतं.

खालून हॉर्न वाजला. दोनदा, तोकडा. महिन्याच्या सुईसाठी आलेले शिपाई आणि बेकरीवाली माझ्याकडे बघायला लागले, आता ही उठणार म्हणून. मी उठले नाही. पुन्हा वाजला, या वेळी लांब. माझ्या दंडात नवी सुई ठसठसत होती. मग जिन्यावर बूट ऐकू आले आणि तो दारात उभा राहिला, खारूचं बोट धरून, तोंडभर हसत. "काय हो सिस्टर, आज मुक्काम का हिचा?"

"अजून वेळ आहे, बसू द्या त्यांना," सिस्टर म्हणाली. तिच्या हातात सुयांचा स्टीलचा ट्रे होता, रिकामा.

"अहो, दर वेळी दहा मिनिटांत खाली येते ही. काही होत नाही तिला. चल गं." त्याने माझा दंड धरला. मागच्या बाजूने, सवयीने, अंगठा नेमका ताज्या सुईवर. दाबला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आजारी बायकोला हात देतोय.

मी मोठ्याने म्हटलं, "हा दंड सुईने सुजत नाही. हा माणूस सुजवतो."

तो क्षणभर थबकला आणि मग तेच हसू, तोच आवाज, खांबावर गाडी घातलेल्यांसाठी ठेवलेला. "होतं हो असं. सुईनंतर जरा भ्रमल्यासारखं होतं हिला. श्वास घे. हळू." आणि सिस्टर, माझी बर्फवाली सिस्टर, कसनुशी का होईना, हसली. त्याला बरं वाटावं म्हणून हसली. तिच्या त्या हसण्यावर माझ्या आतली सगळी धरून ठेवणारी माणसं एकदम बाजूला झाली. मी तिच्या हातातला ट्रे ओढला आणि त्याच्या तोंडावर मारला. आडवा. नाकाचं हाड कट्कन वाजलं, रेघेवर काच वाजते तसं. तो मागे गेला. मी पुन्हा मारला, कानावर, मग धार धरून कपाळावर. त्याने हात वर केले तर बोटांवर मारला. ट्रे वाकला. तो टाकून मी नखं लावली, गालापासून हनुवटीपर्यंत, कातडी नखांत भरली ते मला कळलं आणि बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. बेकरीवालीने मागून मला कव घातली, तिच्या हातांतूनही मी लाथा मारत होते. शिपायाने त्याला भिंतीशी दाबून धरलं होतं. त्याच्या शर्टावर रक्त ओघळत होतं आणि तो सगळ्यांकडे बघून अगदी हळू, दुखावल्या आवाजात म्हणाला, "बघितलंत? बघितलंत ना?"

तेवढ्यात किंकाळी आली. खारू किंचाळत होती. तोंड वासून, डोळे गच्च मिटून, दोन्ही मुठी कानांवर. तिच्या फ्रॉकमधून पाणी गळून पायांपाशी थारोळं झालं होतं. मला आधी काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. घाबरली! माझी पोर अजून घाबरते! मी बेकरीवालीचे हात सोडवून तिच्याकडे धावले, हात पसरून. तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि ती मागे सरली. खुर्चीला अडखळली, तशीच फरपटत सिस्टरच्या मागे गेली आणि तिचा कोट दोन्ही हातांनी धरून चेहरा त्यात लपवला. रक्ताने माखलेल्या बापाकडे तिने बघितलंही नव्हतं. त्याचं काय बघायचं? ती मला घाबरली होती.

मी होते तिथे फरशीवर बसले. नखांत त्याचं रक्त होतं. शक्य तितका मऊ आवाज काढून मी म्हटलं, "ये गं राजा. झालं. आता कुणी कुणाला मारणार नाही."

बोलता बोलताच मला कळलं, हे वाक्य तिने ऐकलेलं होतं. प्रत्येक वेळी, मारून झाल्यावर, अशाच मऊ आवाजात, त्याच्या तोंडून. ती आली नाही. का यावी?

डॉक्टरीणबाई आतून धावत आल्या. शिपायाला त्यांनी त्याला बाहेर जिन्यापाशी न्यायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि माझ्याजवळ उकिडव्या बसल्या. "घरी जायचंय?" मी मान हलवली. नाही. त्या फोन करायला उठल्या. मी दोन्ही तळवे उघडे करून मांडीवर ठेवले, तिला दिसतील असे, आणि हललेच नाही. बऱ्याच वेळाने तिचं रडणं उतरलं. कोटाच्या आडून एक डोळा बाहेर आला. खारू माझ्या हातांकडे बघत होती.